मॅक्रोत एफ २२च्या नादी लागू नका

गोव्यातल्या वाळपईजवळच्या काजूवर मॅक्रोत, म्हणजे अगदी जवळून टिपलेला तो हुमला (झाडावरचा लाल मुंगळा) कॉम्प्युटरवर उघडला आणि मी खचलोच. अंगावरची लव नाही, डोळे नाहीत, सगळं साय धरल्यासारखं. लेन्सच खराब म्हणून दुसरीचे भाव काढायला लागलो. लेन्स चांगली होती. मी एफ २२वर, म्हणजे लेन्सचं छिद्र (ॲपर्चर) अगदी बारीक करून काढत होतो.

हे नीट समजून घ्या, माझं अख्खं वर्ष यात गेलं. १:१ला, म्हणजे किडा सेन्सरवर आहे तेवढाच उमटतो तेव्हा, एफ ८वर फोकसमध्ये येते ती जेमतेम एक मिलिमीटरची पट्टी. डोळा धरला की पाय सुटतात. म्हणून ही पट्टी रुंद करायला आपण ॲपर्चर बारीक करत जातो. पण छिद्र बारीक झालं की त्यातून जाणारा प्रकाश पसरतो आणि बारकावे एकमेकांत मिसळतात. मॅक्रोत हे दुपटीनं भोवतं, कारण १:१ला एफ ११ साधारण एफ २२सारखा वागतो आणि एफ २२ थेट एफ ४४सारखा! मग कितीही शार्पनिंग करा, जे टिपलंच गेलं नाही ते येणार कुठून? एफ ८ ते ११मध्ये राहा. कीटकाचं अंग सेन्सरला समांतर धरा. ऑटोफोकस बंद करून स्वतःच किंचित पुढेमागे झुला. किडा स्थिर असेल तर फोकस थोडा थोडा सरकवत पाच-सात फोटो काढून स्टॅक करा, म्हणजे कॉम्प्युटरवर एकत्र जोडा.

मला एफ २२ एका कार्यशाळेत शिकवलं होतं. शिकवणाऱ्याचे मूळ फोटो शंभर टक्के मोठे करून बघितल्याशिवाय त्याला गुरू मानू नका, असं माझं स्पष्ट मत आहे. आणि किडा फ्रिजमध्ये ठेवून सुन्न करायला सांगणाऱ्याकडे तर फिरकूही नका. पहाटे दव असताना कीटक आपणहून सुस्त असतात, तेवढं लवकर उठा.

सामानाची चिंता करू नका. झूम लेन्सवर रेनॉक्स २५० (लेन्सपुढे अडकवायचं भिंग) आणि फ्लॅशपुढे पांढऱ्या पातळ फोमचा डिफ्यूझर, एवढ्यावर माझं दीड वर्ष निघालं. अभयारण्यही लागत नाही, घरामागचं कुळागर (पोफळीची बाग) पुरतं. फक्त पावसाळ्यात लेन्स सिलिका जेलसोबत बंद डब्यात ठेवा. आपल्या हवेत बुरशी धरायला वेळ लागत नाही.

पुढच्या वर्षी त्याच काजूवर एफ ९ला तसाच हुमला टिपला. मोठा करून पाहिला तर समोर दोन टपोरे काळे डोळे, आणि ज्या मिशा समजलो होतो ते उचलून धरलेले पुढचे पाय! आठ पाय. मुंगीचं सोंग घेतलेला उडी मारणारा कोळी, मिरमाप्लाटा (पूर्वी याला मिरमारॅक्नी म्हणत). जुना फोटो पुन्हा काढून पाहिला. त्यातही तोच असावा, पण खात्रीनं सांगण्याइतकं त्यात काही उरलंच नव्हतं.

मिळाली ती मादी. नराचे जबडे इतके लांब असतात की तोंडात दुसरी मुंगी धरून चाललाय असं वाटतं. पाऊस लागायच्या आत तो शोधायचाय.