एनर्जीची गणितं अडतात? आधी हिशोब मांडा, फॉर्म्युला मागाहून

नववीत वर्क-एनर्जीचा धडा येतो आणि अकरावीत तोच परत थोडा मोठा होऊन येतो, आणि दोन्ही वेळा माझ्याकडे शिकायला येणारी मुलं एकाच जागी अडकतात. फॉर्म्युले सगळ्यांना पाठ. झोपेतून उठवून विचारलं तरी एमजीएच (वस्तुमान गुणिले गुरुत्वाचं ९.८ गुणिले उंची) सांगतील. पण गणित समोर आलं की कुठला कुठे लावायचा ते सुचत नाही, मग जो आठवेल तो लावून मोकळे. म्हणून मी आता एकच सवय लावते, पासबुकात कसं सुरुवातीला किती होते, मध्ये किती आले, किती गेले आणि शेवटी किती उरले असं असतं ना, एनर्जीचं गणित तसंच मांडायचं.

तर पहिलं काम, कागदावर दोनच चित्रं काढा. एक सुरुवातीचं, एक शेवटचं. मधे काय झालं ते सध्या सोडून द्या. प्रत्येक चित्राखाली दोन गोष्टी लिहा, वस्तू किती उंचीवर आहे आणि किती वेगात आहे. उंची कुठून मोजायची ते तुम्हीच ठरवायचं, जमीन घ्या नाहीतर टेबल घ्या, पण एकदा शून्य जिथे मानला तिथून मधेच हलवायचा नाही. निम्म्या चुका इथेच होतात.

आता कुळागरातला, म्हणजे बागायतीतला माड घ्या. पाडेली, म्हणजे नारळ पाडणारा, वर चढलाय आणि दीड किलोचा नारळ १० मीटरवरून खाली सोडतोय. पहिलं चित्र: उंची १०, वेग शून्य. दुसरं चित्र: जमिनीला टेकायच्या अगदी आधीचा क्षण, उंची शून्य, वेग माहीत नाही. सुरुवातीची जमा म्हणजे एमजीएच, दीड गुणिले ९.८ गुणिले १०, झाले १४७ ज्यूल (ज्यूल म्हणजे एनर्जीचं माप). हवेचा अडथळा धरला नाही तर शेवटी हेच १४७ ज्यूल गतिज ऊर्जेच्या, म्हणजे वेगामुळे असलेल्या एनर्जीच्या, खात्यात हवेत. हाफ एमव्ही स्क्वेअर (वस्तुमान गुणिले वेगाचा वर्ग, त्याचं निम्मं) बरोबर १४७ मांडा, वेग येतो सेकंदाला १४ मीटर, म्हणजे ताशी जवळजवळ ५० किलोमीटर. पाडेली वर असताना माडाखाली उभं राहू नको असं घरची मोठी माणसं ओरडतात ते का, ते ह्या एका आकड्यात कळतं.

ह्याच गणितात एक फसवा प्रश्न विचारतात, ५ मीटरवर असताना वेग किती? बहुतेक मुलं १४ चं निम्मं ७ लिहितात. चूक. निम्म्या उंचीवर निम्मी होते ती एनर्जी, वेग नाही. ७३.५ ज्यूल अजून उंचीच्या खात्यात आणि ७३.५ वेगाच्या खात्यात, त्यातून वेग काढला की ९.९ येतो. एनर्जीत वेगाचा वर्ग आहे हे नुसतं पाठ करू नका, हा एक आकडा लक्षात ठेवा, मग विसरणार नाही.

आणि नारळ जमिनीवर पडून थांबल्यावर ते १४७ ज्यूल गेले कुठे? इथे 'नष्ट झाले' लिहिलंत की मार्क गेले. मातीत खड्डा पडला, धप्प आवाज झाला, नारळ आणि माती दोन्ही अगदी किंचित तापले. प्रश्न 'ऊर्जा रूपांतर स्पष्ट करा' असा असेल तर ही शेवटची ओळ लिहायचीच, मुलं नेमकी तीच गाळतात.

आता वर्क, म्हणजे कार्य: बल गुणिले त्या बलाच्या दिशेने वस्तू सरकली ते अंतर. ह्या शब्दानेच घोळ होतो, कारण आपल्या बोलण्यातलं काम वेगळं आणि फिजिक्समधलं वेगळं. माशांची पाटी डोक्यावर घेऊन बाई सपाट रस्त्यावरून एका वेगाने किलोमीटरभर चालत गेली तर पाटीवर तिने केलेलं वर्क शून्य येतं. मुलांना हे पटतच नाही आणि त्यांचं बरोबर आहे, ती घामाघूम झालेली डोळ्यांना दिसते ना. तर उत्तर असं, की ती पाटीला लावते ते बल वरच्या दिशेने आणि पाटी सरकते आडवी, दोघांत ९० अंश, म्हणून पाटीच्या खात्यात एक ज्यूलही जमा होत नाही. तिच्या शरीराची एनर्जी मात्र खरोखर खर्च होते, पाय उचलायला, मान आणि पाठ ताणून धरायला, आणि त्यातली बरीचशी उष्णता होऊन निघून जाते. म्हणून गणितात आधी विचारायचं, कोणी कोणावर केलेलं वर्क?

बांयचं, म्हणजे विहिरीचं पाणी काढताना उलट. १० किलोची भरलेली कळशी ६ मीटर वर ओढली तर बल आणि सरकणं दोन्ही वरच्या दिशेला, वर्क ५८८ ज्यूल. कप्पी लावली तर वर्क कमी होतं का असं हमखास विचारतात. नाही होत. वर बसवलेली एक कप्पी फक्त दिशा बदलते, वर ओढण्यापेक्षा खाली ओढणं अंगाला सोपं जातं इतकंच, उलट कप्पीच्या घर्षणाला थोडं जास्तच द्यावं लागतं. भरभर ओढा नाहीतर सावकाश, कळशीच्या खात्यात तेच ५८८, वेळेने बदलते ती पॉवर, म्हणजे सेकंदाला किती ज्यूल. १२ सेकंदांत ओढली तर ४९ वॅट. तसंच पणजीत आल्तिनोच्या टेकडीवर पायऱ्यांनी चढा की वळणाच्या रस्त्याने, गुरुत्वाकर्षणाच्या हिशोबाला रस्ता दिसत नाही, फक्त किती वर गेलात ते दिसतं.

घर्षणाला मात्र रस्ता दिसतो! म्हणून घर्षण आलं की हिशोबात 'गेले' चा रकाना उघडायचा. स्कूटर आणि चालवणारा मिळून १८० किलो, वेग ताशी ३६ किलोमीटर म्हणजे सेकंदाला १० मीटर (हे बदलून घ्यायला विसरू नका, ३.६ ने भागायचं). गतिज ऊर्जा ९००० ज्यूल. ब्रेकमुळे मागे खेचणारं बल ९०० न्यूटन धरलं तर थांबायला १० मीटर लागतात. वेग दुप्पट केला, ताशी ७२, तर एनर्जी ३६,००० आणि थांबायला ४० मीटर. दुप्पट वेग, चौपट अंतर. आणि जूनमध्ये पहिला पाऊस पडून रस्ता निसरडा झाला, तेच बल निम्मं ४५० झालं असं धरा, तर तेच ४० चे ८० मीटर होतात. अकरावी-बारावीतली मुलं गाडी चालवायला लागतात तेव्हा हे गणित मी प्रत्येकाकडून स्वतःच्या हाताने करून घेते, परीक्षेत येवो न येवो.

चोर्ला घाट उतरताना गाडी एकाच वेगाने खाली येते, तेव्हा उंचीचं खातं रिकामं होतंय पण वेगाचं भरत नाही, मग एनर्जी जाते कुठे? ब्रेकमध्ये, उष्णता होऊन. म्हणून सतत ब्रेक दाबला की जळका वास येतो, आणि म्हणूनच खालच्या गिअरवर उतरायचं, म्हणजे त्यातला बराच भार इंजिन घेतं.

उष्णता आणि वर्क एकाच मापाने मोजता येतात हे जेम्स ज्यूलने १८४० च्या दशकात वजनं खाली सोडून, त्यांनी पाण्यातली पाती फिरवून दाखवलं. तोच हिशोब आपल्या दूधसागर धबधब्याला लावून बघा. उंची साधारण ३१० मीटर, म्हणजे एक किलो पाण्यामागे ३०३८ ज्यूल. एक किलो पाणी एक अंशाने तापवायला लागतात ४१८६ ज्यूल. सगळीच्या सगळी एनर्जी पाण्यातच उष्णता होऊन राहिली असं धरलं तरी पाणी तापणार जेमतेम ०.७ अंश. एवढा गडगडाट, एवढा पांढरा फेस, आणि तापमानात पाऊण अंशसुद्धा नाही! मला हे गणित फार आवडतं. थोड्याशा उष्णतेत केवढी एनर्जी असते ते ह्यातून दिसतं.

घरच्या वीजबिलालाही हेच लावा. एक युनिट म्हणजे ३६ लाख ज्यूल. वरची ५८८ ज्यूलवाली कळशी आठवते? एका युनिटात तशा ६००० च्या वर कळश्या वर येतील. दोन हजार वॅटचा गीझर तेवढंच युनिट अर्ध्या तासात संपवतो. घरात आधी काय बंद करायचं ते आता तुम्हालाच सांगता येईल.

उत्तर आलं की एकदा उलटं तपासा, शेवटची सगळी खाती मिळवून सुरुवातीएवढी होतात का. होत नसतील तर कुठलं तरी खातं राहिलंय, बहुतेक वेळा घर्षण किंवा हवा.

एक तुम्ही करा. तोच दीड किलोचा नारळ, तोच १० मीटरचा माड, पण खाली येताना वेग १४ नाही, १३ मोजला. हवेने किती ज्यूल घेतले? साधारण २० यायला हवेत. ४० च्या आसपास आले असतील तर १४ आणि १३ च्या वर्गांची वजाबाकी केलीत, पण हाफ विसरलात. नसेल जमत तर दोन चित्रं काढून परत सुरू करा.