रोजची झडती, रोजची क्षमा: ख्रिस्ती घरात आत्मपरीक्षण कसे करावे

प्रभुभोजनाच्या, म्हणजे भाकर व प्याला घेण्याच्या विधीच्या, रविवारी पापांगीकाराची प्रार्थना सगळी मंडळी एका सुरात म्हणते, आणि विचाराने, शब्दाने व कृतीने पाप केल्याचे कबूल करताना कोणाचीही जीभ अडखळत नाही. ती अडखळत नाही, कारण त्या प्रार्थनेत कोणाचे नाव नसते, वार नसतो आणि रक्कमही नसते. उपासनेतील सामुदायिक प्रार्थना अशीच असावी लागते; अडचण होते ती घरी एकांतातही आपण तेवढ्यावरच थांबतो म्हणून. "मी पापी आहे" असे म्हणणे फार सोपे आहे. "गुरुवारी संध्याकाळी मी धाकट्या जावेला पाहुण्यांसमोर माहेरावरून टोमणा मारला" असे म्हणणे कठीण आहे, आणि क्षमा मागता येते ती या दुसऱ्या वाक्यासाठीच. पुढे जी रीत सांगितली आहे, तिचा सगळा भर या नेमकेपणावर आहे.

प्रत्येकाने आधी स्वतःची परीक्षा करावी आणि मगच भाकर व प्याला घ्यावा, असे प्रेषित पौलाने करिंथच्या मंडळीला लिहिले, तेव्हा त्याच्यासमोरचा प्रसंगही असाच नेमका होता. करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या अकराव्या अध्यायात तो सांगतो की, एकत्र जमल्यावर काही जण आपले जेवण आधीच उरकून घेतात, कोणी पिऊन झिंगलेला असतो, आणि ज्यांच्याजवळ काही नाही ते उपाशी राहून खजील होतात. ज्या वचनाने आपण आज प्रभुभोजनाची तयारी करतो, त्यामागे पंगतीत कोणाला उपाशी ठेवले हा प्रश्न होता, हे विसरू नये.

आत्मपरीक्षणासाठी रात्रीची पंधरा मिनिटे पुरेशी आहेत. जेवणे आटोपल्यावर, कौटुंबिक प्रार्थनेनंतर लगेच बसावे. अंथरुणात पडून करायचे म्हटले तर ते झोपेतच विरते. मोबाइल दुसऱ्या खोलीत ठेवावा आणि हाताशी एक लहान वही असावी. जी रीत मला सर्वांत उपयोगी वाटते ती येशूसंघाचे संस्थापक, सोळाव्या शतकातील स्पॅनिश संत इग्नेशियस लोयोला यांची आहे. त्यांच्या आध्यात्मिक साधनेच्या पुस्तिकेला पोप तिसरे पॉल यांनी 1548 मध्ये मान्यता दिली, आणि तीत दिवसाच्या परीक्षणाच्या पाच पायऱ्या दिल्या आहेत. वसईच्या कॅथलिक घरांत ही रीत ठाऊक असण्याचा संभव अधिक. पण अहिल्यानगरकडच्या प्रोटेस्टंट घरांनी ती परकी मानावी असे तीत काहीही नाही, कारण ती आरंभापासून अखेरपर्यंत प्रार्थनाच आहे.

पहिली पायरी उपकारस्तुतीची. दिवसभरात मिळालेल्या दोन-तीन गोष्टींसाठी नाव घेऊन देवाचे आभार मानावेत. ही पायरी गाळून थेट चुकांकडे वळलो, तर परीक्षणाला तक्रारवहीचे रूप येते आणि आठवडाभरात माणूस ते सोडून देतो. दुसरी पायरी प्रकाश मागण्याची: "हे देवा, माझी झडती घेऊन माझे हृदय जाण" हे 139 व्या स्तोत्रातले शब्द येथे पुरेसे आहेत. झडती देव घेणार आहे आणि आपण फक्त दारे उघडायची आहेत, हे ध्यानात राहिले म्हणजे स्वतःला झोडपण्याचा मोहही कमी होतो.

तिसरी पायरी दिवसाची उजळणी, आणि खरे काम येथेच आहे. सकाळी उठल्यापासून दिवस तासातासाने पुढे न्यावा: चहाच्या वेळी घरात काय बोललो, लोकलमध्ये किंवा रिक्षावाल्याशी कसे वागलो, कार्यालयात कोणाच्या कामाचे श्रेय घेतले, भाजीवालीने चुकून जास्त परत दिलेले पैसे ठेवून घेतले का, फोनवर कोणाविषयी काय सांगितले. विचार, शब्द आणि कृती या तिन्हींकडे पाहावे. त्याबरोबर न केलेल्या गोष्टीही पाहाव्यात, कारण चांगले करणे कळत असून न करणे हेही पाप आहे असे याकोबाच्या पत्रात स्पष्ट म्हटले आहे. वहीत लिहिताना विशेषणे टाळून घटना लिहावी. "मी रागीट आहे" या वाक्यातून काहीच निष्पन्न होत नाही. "साहेबांचा राग मुलाच्या वहीवर काढला" या वाक्यातून उद्या काय करायचे ते दिसते. लिहिता लिहिता "कारण तिने आधी" असे शब्द आले, तर लेखणी तेथेच थांबवावी. तिने आधी काय केले त्याचा विचार याच लेखात पुढे येणार आहे, पण या वहीत तिचे पान नाही. आपल्या डोळ्यातले मुसळ सोडून भावाच्या डोळ्यातले कुसळ पाहणाऱ्याला प्रभू येशूने ढोंगी म्हटले आहे, आणि परीक्षणाला बसलेला माणूस या ढोंगाच्या सर्वांत जवळ असतो: येशूच्या दाखल्यात मंदिरात प्रार्थनेला उभा राहिलेला परूशी, म्हणजे धर्मनियम काटेकोरपणे पाळणारा माणूस, आपल्या उपासांची आणि दशमांशाची (उत्पन्नाच्या दहाव्या हिश्शाच्या दानाची) यादी वाचत होता, तेव्हा त्यालाही आपण आत्मपरीक्षणच करीत आहोत असे वाटले असेल.

चौथी पायरी देवाजवळ क्षमा मागण्याची आणि पाचवी उद्यासाठी निश्चय करण्याची. शेवटी प्रभूची प्रार्थना म्हणावी. निश्चय एकच असावा आणि तो उद्याच्या ठरावीक वेळेला बांधलेला असावा. "यापुढे कधीही रागावणार नाही" हा निश्चय सकाळी नळाचे पाणी जाईपर्यंतही टिकत नाही.

एखादा दोष पुन्हा पुन्हा वहीत येत असेल, तर इग्नेशियस यांनी त्यासाठी वेगळी युक्ती सांगितली आहे. सकाळी उठताच त्या एकाच दोषापासून जपण्याचे ठरवावे. दुपारच्या जेवणानंतर आणि रात्रीच्या जेवणानंतर, असे दोनदा थांबून तो किती वेळा घडला ते मोजावे. आणि आठवड्याच्या प्रत्येक दिवसासाठी आखलेल्या दोन रेघांवर तितके ठिपके द्यावेत. मग कालचे ठिपके आजच्या ठिपक्यांशी आणि गेला आठवडा या आठवड्याशी ताडून पाहावा. चुगली, उपहास किंवा खोटी सबब अशा जिभेच्या दोषांवर हा उपाय चांगला लागू पडतो, कारण हे दोष इतके सवयीचे झालेले असतात की मोजल्याशिवाय दिसतच नाहीत. वही कोणाच्या हाती पडेल अशी भीती असल्यास आठवडा संपताच पान फाडून टाकावे.

येथे एक इशारा द्यायला हवा, कारण काही हळव्या मनाच्या माणसांना या रीतीचा त्रास होतो. खुद्द इग्नेशियस यांनी स्पेनमधील मॉन्सेरातच्या मठात तीन दिवस चाललेले लेखी पापनिवेदन केले होते, तरीही 1522 मध्ये मान्रेसा येथे राहत असताना काहीतरी सांगायचे राहिले या शंकेने ते इतके पछाडले गेले की जीव द्यावा असे विचार त्यांच्या मनात आले. जुनी पापे पुन्हा उकरून निवेदन करायचे नाही असे ठरवल्यावरच ते त्यातून बाहेर पडले. पुढे प्रोटेस्टंट सुधारणेचे प्रणेते ठरलेले तरुण संन्यासी मार्टिन ल्यूथर हेही आपले वरिष्ठ श्टाउपिट्झ यांच्याकडे पापे सांगताना तासन् तास घालवीत आणि तरी अस्वस्थच राहत. म्हणून क्षमा मागून झालेली गोष्ट पुन्हा वहीत उतरवू नये. आपण आपली पापे पदरी घेतली, म्हणजे कबूल केली, तर देव विश्वसनीय व न्यायी आहे म्हणून तो क्षमा करील, असे योहानाच्या पहिल्या पत्रात आहे. ज्याला हे वचन वाचूनही रोज तीच शंका छळते, झोप येत नाही किंवा एकच प्रार्थना "नीट झाली नाही" म्हणून पुन्हा पुन्हा म्हणावी लागते, त्याने पाळकांबरोबरच मानसोपचारतज्ज्ञांनाही भेटावे. त्यात विश्वासाची उणीव मुळीच नाही.

देवाजवळ कबुली कशी द्यावी याबाबत मंडळ्यांच्या परंपरा वेगळ्या आहेत. कॅथलिक भाविक धर्मगुरूंपुढे पापनिवेदन करतो आणि ते गुपित धर्मगुरूंना कधीही, कोणापुढेही फोडता येत नाही. प्रोटेस्टंट मंडळ्यांत बहुधा कबुली थेट देवाला दिली जाते, आणि याकोबाच्या पत्रातील सल्ल्याप्रमाणे एखाद्या विश्वासू वडीलधाऱ्या व्यक्तीलाही सांगितली जाते. कोणतीही परंपरा असो, ज्याचा अपराध केला त्या माणसाकडे जाण्यातून मात्र ती कोणालाही मोकळे करीत नाही.

डोंगरावरील प्रवचनात प्रभूने सांगितले की, वेदीजवळ अर्पण आणल्यावर भावाच्या मनात आपल्याविरुद्ध काही आहे असे आठवले, तर अर्पण तेथेच ठेवून आधी जाऊन समेट करावा. हे ऐकणारे लोक गालीलातले होते आणि वेदी यरुशलेमेत, म्हणजे काही दिवसांच्या पायी वाटेवर होती. एवढी वाट तुडवून आणलेले अर्पण सोडून परत जायला सांगितले आहे, हे लक्षात घेतले म्हणजे तालुक्याच्या गावी राहणाऱ्या भावाकडे जायला वेळ नाही ही आपली सबब टिकत नाही.

क्षमा मागायला शक्यतो समक्ष जावे, ते जमत नसेल तर फोन करावा. निरोप पाठवून किंवा व्हॉट्सअ‍ॅपवर हात जोडल्याचे चित्र टाकून हे काम होत नाही. सणाचा, लग्नाचा किंवा चारचौघांचा प्रसंग निवडू नये, कारण तेथे समोरच्याला नाही म्हणता येत नाही. अपराध सर्वांसमोर केला असेल, तर मात्र त्यांच्यापैकी निदान काहींसमोर कबुली द्यावी. बोलणे थोडके असावे: "दादा, बाबांच्या औषधपाण्याचा खर्च तू एकट्याने केलास आणि मी नातेवाइकांत उलटेच सांगत फिरलो. ते खोटे होते. मला क्षमा कर. ज्यांना ज्यांना सांगितले त्यांना मी खरे काय ते सांगतो." यात केलेली गोष्ट आहे, तिला नाव आहे, सबब नाही आणि भरपाई आहे. याउलट "तुला वाईट वाटले असेल तर माफ कर" या बोलण्यात दोष समोरच्याच्या वाटण्यावर ढकललेला असतो, आणि तसे बोलण्यापेक्षा त्या दिवशी गप्प राहिलेले बरे.

भरपाईचा भाग आपल्याकडे फार पटकन विसरला जातो. जुन्या करारातील गणना या पुस्तकाच्या पाचव्या अध्यायातील नियमाप्रमाणे अपराध्याने पाप कबूल करून पूर्ण भरपाई करायची आणि वर पाचवा हिस्सा द्यायचा होता. म्हणजे 10,000 रुपये बुडवले असतील तर 12,000 परत करायचे. येशूला भेटलेल्या जक्कय या जकातदाराने तर अर्धी मालमत्ता गरिबांना आणि फसवलेल्यांना चौपट देण्याचे कबूल केले. सातबाऱ्यावरून बहिणीचे नाव गोड बोलून कमी करून घेतले असेल, तर उपवासकाळात चाळीस दिवस मांस सोडल्याने तो हिशेब मिटत नाही. तलाठी कार्यालयाची पायरी चढावीच लागते.

आता दुसरी बाजू, म्हणजे ज्याने आपला अपराध केला त्याला क्षमा करण्याची. मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या अठराव्या अध्यायात राजा एका चाकराचे प्रचंड देणे माफ करतो, आणि तोच चाकर शंभर दीनारांसाठी सोबतीच्या चाकराला तुरुंगात टाकतो. हा निर्दय चाकराचा दाखला सांगताना सोबतीच्या चाकराचे देणे अगदी क्षुल्लक होते असे पुष्कळदा सांगितले जाते, आणि ते मला बरोबर वाटत नाही. दीनार ही मजुराची एका दिवसाची मजुरी होती. म्हणजे शंभर दीनार हे तीन-चार महिन्यांच्या कमाईइतके देणे झाले, आणि ते बुडाले तर कोणाचेही घर हलेल. पहिल्या चाकराचे देणे दहा हजार तालांत, आणि एक तालांत सुमारे सहा हजार दीनारांचा धरला तर ते सहा कोटी दीनार होते. तुमचे नुकसान झालेच नाही असे प्रभू म्हणत नाही. ते खरे आहे, मोजता येते, आणि तरीही जे तुम्हाला सोडले गेले त्याच्यापुढे ते लहान आहे.

म्हणून क्षमा करतानाही आधी नुकसान मोजावे. काय गमावले, पैसा की मान की विश्वास, ते स्वतःशी स्पष्ट म्हणावे. "जाऊ दे, काही झाले नाही" म्हणून गिळलेला राग पुढच्या पिढीच्या लग्नात बाहेर येतो. मग प्रार्थनेत त्या माणसाचे नाव घेऊन, या देण्याची वसुली मी करणार नाही, असे देवासमोर म्हणावे. व्यवहारात याचा अर्थ असा की सूड घ्यायचा नाही, चारचौघांत तो विषय काढायचा नाही आणि त्याचे वाईट झाले तर मनातल्या मनात जमेस धरायचे नाही. राग दुसऱ्या दिवशी परत येईल. तो आला म्हणजे कालची क्षमा खोटी होती असे नव्हे; तोच निर्णय पुन्हा करावा. सातांच्या सत्तर वेळा क्षमा करावी असे प्रभूने आपला शिष्य पेत्र याला सांगितले, आणि माझ्या अनुभवात त्यातल्या बऱ्याचशा वेळा एकाच अपराधासाठी खर्च होतात. कॅथलिक धर्मभगिनी सिस्टर रानी मारिया यांची 1995 मध्ये मध्य प्रदेशात हत्या झाली, आणि त्यांच्या धाकट्या बहिणीने मारेकऱ्याला तुरुंगात जाऊन राखी बांधली ती 2002 मध्ये. मधल्या वर्षांची घाई कोणी कोणाला करू नये.

क्षमा करणे आणि परिणामांतून सोडवणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ऑस्ट्रेलियन मिशनरी ग्रॅहम स्टेन्स आणि त्यांच्या दोन लहान मुलांना जानेवारी 1999 मध्ये ओडिशातील मनोहरपूर येथे जाळून मारण्यात आले. त्यांच्या पत्नी ग्लॅडिस स्टेन्स यांनी मारेकऱ्यांना क्षमा केल्याचे जाहीर केले आणि 2004 पर्यंत त्या ओडिशातच कुष्ठरोग्यांच्या सेवेत राहिल्या. खटला मात्र चालला, आणि मुख्य आरोपीची जन्मठेप 2011 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कायम केली. म्हणून "मारहाण करणाऱ्या नवऱ्याला सत्तर वेळा क्षमा कर" असा सल्ला बाईला देऊन तिला परत पाठवणारे वडीलजन वचनाचा अपमान करतात. अशा बाईने आधी सुरक्षित जागी जावे. 2005 चा कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायदा आणि 181 ही महिला हेल्पलाइन तिच्यासाठीच आहे, आणि तातडीच्या वेळी 112 वर फोन करावा. मुलावर अत्याचार झाला असेल, तर मंडळीची अब्रू जाईल म्हणून गप्प राहण्याचा प्रश्नच येत नाही. 1098 या मुलांसाठीच्या हेल्पलाइनवर कळवावे. क्षमेचा विचार त्यानंतर, आणि तो त्या व्यक्तीनेच करायचा.

साध्या भांडणांत अपराध्याकडे आधी एकट्याने जावे, मग एक-दोन साक्षीदार घेऊन आणि शेवटी मंडळीपुढे, हा क्रम मत्तयाच्या त्याच अध्यायात दिला आहे. आपल्याकडे तो बहुधा उलटा चालतो: आधी सगळ्या मंडळीला कळते आणि त्या माणसाला शेवटी.

आपण क्षमा मागितली आणि समोरच्याने दार लावून घेतले, तर पुन्हा पुन्हा जाऊन त्याला छळू नये. आपल्याकडून होईल तितके करून सर्वांशी शांतीने राहावे, असे रोमकरांस पत्रात आहे, आणि त्याच्याकडून व्हायचे ते त्याच्यावर सोडावे. नाताळच्या फराळाचे ताट पाठवायची रीत असेल तर ती चालू ठेवावी. ज्याचा अपराध केला तो वारला असेल, तर पाळकांपुढे कबुली देऊन जे त्याला द्यायचे होते ते त्याच्या मुलाबाळांना द्यावे. आणि ज्याने क्षमा नाकारली, त्याचेही पैसे पाचव्या हिश्शासह त्याच्या खात्यात जमा करावेत.