परदेशी तंत्रज्ञान घेताना: करार, माणसं आणि मुदत

कारखाना ‘टर्नकी’, म्हणजे विक्रेत्याने पूर्ण उभारून चालू करून दिलेला, घेतला की उत्पादन लगेच दिसतं, शिकायचं मात्र राहून जातं. म्हणून आधी कामाचे तुकडे पाडा. बांधकाम, पोलादी सांगाडा, पाइपिंग, वायरिंग देशातल्या ठेकेदारांना द्या. बाहेरून आणायची ती मुख्य प्रक्रिया आणि तिची यंत्रं. पहिल्या टप्प्यात स्थानिक वाटा थोडा असला तरी चालेल, पुढच्या प्रत्येक टप्प्यात तो वाढलाच पाहिजे.

करार करताना सगळे रॉयल्टीच्या टक्क्यावर अडून बसतात. ताणून धरायची ती बाकीची कलमं. चालवण्याची पुस्तिका पुरत नाही. टॉलरन्ससकट (मापात किती फरक चालतो ते) ड्रॉइंग आणि डिझाइनची आकडेमोड मागा. टॉलरन्स तेवढाच का, हे त्या आकडेमोडीतच कळतं. निर्यातबंदी, सुटे भाग विक्रेत्याकडूनच घेण्याची सक्ती आणि तुम्ही केलेली सुधारणा त्याला फुकट देण्याची अट, ही तीन कलमं काढून टाकायला लावा.

माणसं यंत्रांच्या आधी निघाली पाहिजेत. दक्षिण कोरियातल्या पोहांग पोलाद कारखान्याचा 10.3 लाख टनांचा पहिला टप्पा 1973 मध्ये पुरा झाला. तोवर त्याचे शेकडो कर्मचारी परदेशी, मुख्यतः जपानी, कारखान्यांत शिकून आले होते. नुसते साहेब पाठवू नका. फोरमन आणि फिटर गेले नाहीत तर पहिल्याच मोठ्या बिघाडाला परदेशी तज्ज्ञाच्या विमानाची वाट बघावी लागते.

खरं शिक्षण यंत्र चालू झाल्यावर होतं, आणि तिथेच बहुतेकांचा उत्साह संपलेला असतो. प्रत्येक बंद पडण्याची नोंद ठेवा: किती मिनिटं, कोणता भाग, कारण काय. सर्वांत जास्त वेळ खाणारी अडचण आधी सोडवा; ती सुटली की पुढची आपोआप उघडी पडते. ब्राझीलच्या उसिमिनास पोलाद कारखान्याची मूळ क्षमता होती 5 लाख टन. विस्ताराला पैसा नव्हता, म्हणून त्यांनी आहे त्याच यंत्रांतून दुपटीहून जास्त उत्पादन काढलं.

देशी उद्योगाला परदेशी स्पर्धेपासून संरक्षण द्यायचं तर त्याची अखेरची तारीख आधीच जाहीर करा आणि स्वस्त कर्ज निर्यातीच्या आकड्याला बांधा, कोरियाने बांधलं तसं. ग्राहक कोंडलेला असला की कंपनीला सुधारायची घाई नसते. ब्राझीलने 1984 च्या कायद्याने छोटे संगणक देशी कंपन्यांसाठी राखून ठेवले, ते महाग आणि मागासलेलेच राहिले. त्याच देशात एम्ब्राएर ही कंपनी विमानं बनवून विकू शकली: कंपनी 1969 ची, पण तिला अभियंते पुरवणारी संस्था 1950 पासून तिच्याच शहरात होती.

वेळेचा अंदाजही प्रामाणिक हवा. ह्युंदाईची पोनी ही मोटार 1975 मध्ये आली तेव्हा इंजिन मित्सुबिशीचं होतं. स्वतः विकसित केलेलं इंजिन आलं 1991 मध्ये. पाच वर्षांच्या योजनेत ‘संपूर्ण स्वदेशी’ लिहिलं, तर बहुधा परदेशी इंजिनावर नवं बोधचिन्ह चिकटवून मोकळे होतात.