पीटीच्या तासाला मुलं पळतात, पण शिकतात का? या चुका टाळा

बरीच वर्षं पीटी शिकवतोय. एकदा चौदा-पंधरा वर्षांच्या मुलांच्या वर्गाला म्हटलं, आज मी काहीच सांगणार नाही, तुमचं तुम्ही वॉर्मअप करा. निम्मी मुलं एकमेकांच्या तोंडाकडे बघत उभी, बाकीच्यांनी मान गोल फिरवली, पायाचे अंगठे धरले आणि "झालं सर". आणि ही मुलं कितीतरी वर्षं माझ्यासमोरच रोज वॉर्मअप करत आलेली! त्या दिवशी मला खूप वाईट वाटलं, कारण शाळा सुटल्यावर यांच्या मागे शिट्टी घेऊन कोणी उभं राहणार नाहीये.

सगळ्यात मोठी चूक: करून घेतो, पण का ते सांगत नाही

वॉर्मअप कशासाठी हे मुलांना माहीतच नसतं. आधी हळूहळू पळून श्वास आणि ठोके वाढवायचे, मग सांधे मोकळे करणाऱ्या हालचाली, मग जो खेळ खेळायचाय त्यासारख्याच पण हलक्या हालचाली, हा क्रम आणि त्यामागचं कारण कळलं की मूल कुठल्याही खेळासाठी स्वतःचं वॉर्मअप स्वतः बनवू शकतं. पण म्हणून वर्गात बसवून अर्धा तास थिअरी घेऊ नका, ही पण चूकच, ग्राउंडवरचा वेळ आधीच कमी असतो. पळता पळता एक प्रश्न टाकायचा, नंतर दोन मिनिटं त्यावर बोलायचं, बास.

मी नाडीपासून सुरुवात करतो. मनगटावर अंगठ्याच्या बाजूला दोन बोटं ठेवायची (अंगठा ठेवू नका, अंगठ्यालाही स्वतःची नाडी असते आणि मोजणी चुकते), 15 सेकंद मोजायचं, गुणिले 4. आधी शांत बसून, मग पळून आल्या आल्या लगेच. एका मुलीने विचारलं, सर आम्ही दोघी बरोबरच पळालो, मग माझे 176 आणि हिचे 148 कसे? या एका प्रश्नावर अख्खा तास गेला आणि तो माझ्या चांगल्या तासांपैकी एक होता. सारखंच काम पण प्रत्येकाच्या शरीराला ते वेगळं जड जातं, हे तिने आकड्यातून स्वतः शोधलं.

आकडे नको असतील तर बोलून बघायचं. बोलता येतंय पण गाणं म्हणता येत नाहीये म्हणजे मध्यम व्यायाम, दोन-चार शब्दांतच दम लागतोय म्हणजे जोरदार. हे मोजायला घड्याळ लागत नाही आणि साठाव्या वर्षीही वापरता येतं.

व्यायाम शिक्षा म्हणून देणं

उशीर झाला, पाच राउंड मार. कृपा करून हे बंद करा. जी गोष्ट मुलाने जन्मभर आवडीने करावी असं वाटतं तीच आपण शिक्षा म्हणून वापरतो.

60 मिनिटं असं नुसतं सांगून मोकळं होणं

जागतिक आरोग्य संघटनेच्या 2020 च्या मार्गदर्शनात 5 ते 17 वयासाठी दिवसाला सरासरी 60 मिनिटं मध्यम ते जोरदार हालचाल सांगितलीय, आणि आठवड्यात किमान 3 दिवस जोरदार व्यायाम आणि स्नायू-हाडं मजबूत करणारे प्रकार. यातला सरासरी हा शब्द कोणी सांगतच नाही. एक दिवस कमी झालं तर दुसऱ्या दिवशी भरून निघतं, सगळं एका दमात करायची गरज नाही, सायकलने भराभर शाळेत येणंही त्यात धरता येतं. आणि अजिबात न करण्यापेक्षा थोडं केलेलं बरं, हेही तिथेच लिहिलंय. मोठेपणी हिशोब बदलतो, आठवड्याला 150 ते 300 मिनिटं मध्यम व्यायाम आणि किमान 2 दिवस ताकदीचा, हे शाळा सोडायच्या आधी माहीत हवंच.

टेस्टचे आकडे सगळ्यांसमोर वाचणं

20 मीटरच्या बीप टेस्टमध्ये (20 मीटरवरच्या दोन रेषांमध्ये बीपच्या तालावर ये-जा पळायचं, बीप जलद होत जातात, गाठता आली नाही की बाहेर) जो आधी बाहेर पडतो तो सगळ्यांसमोर बाहेर पडतो. एकाच वर्गातल्या तेरा वर्षांच्या दोन मुलांच्या शारीरिक वाढीत काही वर्षांचा फरक असू शकतो, त्यामुळे अशी तुलना करताना आपण बऱ्याचदा कोण आधी वयात आलं तेच मोजत असतो. तुलना करायचीच तर मुलाच्या स्वतःच्या मागच्या आकड्याशी करा, आणि तो आकडा त्याच्याच वहीत राहू दे.

नेहमी येणाऱ्या अडचणी

प्लॅन करतात, दुसऱ्या आठवड्यात बंद: बहुतेक वेळा प्लॅनच फार मोठा असतो. किती वेळा, किती जोरात, किती वेळ आणि कोणता प्रकार या चारपैकी एका वेळी एकच वाढवायला सांगा.

पाय भरून आले म्हणून सोडून देतात: नवीन व्यायामानंतर एक-दोन दिवसांनी अंग जास्त दुखतं आणि मग कमी होतं, हे आधीच सांगून ठेवा. पण एकाच जागी ठणका, सूज, लंगडणं असेल तर थांबायचं आणि डॉक्टरांना दाखवायचं. भराभर उंची वाढत असताना गुडघ्याच्या खाली दुखत असेल तर "काही होत नाही, पळ" म्हणू नका.

मुली यायच्या बंद होतात: आळस म्हणून सोडून देऊ नका, विचारा. कपडे, पाळी, बघणाऱ्यांच्या नजरा, कधी नुसतं कपडे बदलायला जागा नसणं. प्रकार निवडायचा हक्क त्यांना द्या, आणि दहा-बारा जण जमल्याशिवाय होत नाहीत असेच खेळ ठेवू नका, मोठेपणी एवढी माणसं कुठून गोळा करणार.

आता वर्षाच्या शेवटी मी प्रत्येकाकडून स्वतःचा चार आठवड्यांचा प्लॅन घेतो, स्पीडला मार्क नाहीत, कारण सांगण्याला आहेत. एका मुलाने रविवारचं पळणं खोडून तिथे आराम लिहिलेलं. का रे? तर म्हणाला, शनिवारी दोन तास मॅच खेळलो सर, पाय अजून भरलेत, सोमवारी पळेन आणि थोडं हळू.