नव्या फ्लाइट सिम्युलेटरवर चिडण्याआधी या चुका टाळा

मायक्रोसॉफ्टच्या ‘फ्लाइट सिम्युलेटर २००४’ या संगणकावर विमान उडवायच्या खेळाच्या चार सीडी एकामागून एक ड्राइव्हमध्ये सरकवल्या, की काम झालं. छोटं सेसना विमान निवडा, धावपट्टी निवडा, उडा. २००६ साली आलेलं त्याचं पुढचं रूप एफएसएक्स (फ्लाइट सिम्युलेटर एक्स) डीव्हीडीवर होतं, संगणकाला धाप लावायचं, पण वागायला तसंच सरळ. अल्ट दाबलं की वर मेनूची पट्टी यायची आणि हवं ते तिथेच सापडायचं. त्या सवयीची माणसं मायक्रोसॉफ्टचं २०२० किंवा २०२४ चं सिम्युलेटर लावतात आणि पहिल्याच संध्याकाळी वैतागतात. मीही वैतागलो होतो. विमान उडवायला आपण विसरलेलो नसतो. विमानापर्यंत पोहोचायची वाट लांबली आहे, आणि बिघाड बहुतेक त्या वाटेवरच असतो. आपण मात्र तो विमानात शोधत बसतो.

विमान जागचं हलत नाही

थ्रॉटल (इंजिनाची ताकद वाढवणारा दांडा) पूर्ण पुढे, इंजिन बोंबलतंय, विमान ढिम्म. २०२४ च्या सिममध्ये पार्किंगवरून सुरुवात केली, तर चाकांना ठोकळे लावलेले असू शकतात. खाली उतरायचं, विमानाभोवती फेरी मारायची, ठोकळे आणि वेग मोजणाऱ्या पिटो नळीवरची टोपी काढायची, मग बसायचं. खरा वैमानिक हेच करतो, त्यामुळे तक्रार तरी कुठे करणार? ही कसरत नको असेल त्या दिवशी थेट धावपट्टीवरून सुरुवात करा. इंजिन चालू स्थितीत मिळतं.

ठोकळे नसतील तर पार्किंग ब्रेक बघा. जुन्या सिममध्ये कंट्रोल आणि टिंब दाबलं की तो सुटायचा. बोटांना अजून तेच आठवतं, पण नव्यात ब्रेक नंबरपॅडवर गेले आहेत. तुमच्या लॅपटॉपला नंबरपॅडच नसेल तर तासभर हताश होण्याआधी सेटिंगमध्ये जाऊन ब्रेक, ट्रिम (विमानाचं नाक हवं तिथे टिकवणारी जुळवणी) आणि फ्लॅप (पंखांच्या मागच्या झडपा) यांना स्वतःच्या सोयीची बटणं द्या.

एका कामाला दोन मालक

सगळ्यात जास्त डोकं खाणारी चूक ही. जॉयस्टिक लावली आहे, शेजारी गेमपॅडही यूएसबीत तसाच अडकवून ठेवला आहे. सिम्युलेटर दोघांनाही आपापली ठरावीक मांडणी देऊन टाकतं. मग थ्रॉटल दोन ठिकाणांहून हुकूम घेतो आणि इंजिन उचक्या दिल्यासारखं करतं, किंवा विमान कारण नसताना एका बाजूला झुकतं. लोक जॉयस्टिक बिघडली म्हणून नवी मागवतात!

आधी नको असलेलं प्रत्येक उपकरण उपटून ठेवा. मग कंट्रोलच्या पडद्यावर एक-एक अक्ष (काठीची किंवा दांड्याची एकेक हालचाल) हलवून बघा, कोणतं काम कुणाकडे आहे. थ्रॉटल उलटा चालत असेल तर अक्ष उलटवायची खूण तिथेच आहे. काठी मधोमध असूनही विमान सरकत असेल तर थोडा डेडझोन (मध्याजवळची हालचाल न मोजणारी जागा) वाढवा. २०२४ मध्ये आणखी एक गोम आहे: सर्वसाधारण, विमानांची आणि एखाद्या ठरावीक विमानाची मांडणी वेगवेगळी ठेवता येते. सेसनात लावलेलं बटण दुसऱ्या विमानात चाललं नाही, तर ते हरवलेलं नाही, तुम्ही वेगळ्या कप्प्यात ठेवलं आहे.

विमान आपलं ऐकत नाही, ट्रिम आपोआप फिरतो असं वाटलं तर मदतनिसांची (सिम तुमच्या वतीने स्वतः करतं त्या कामांची) यादी उघडा. पूर्ण मदत चालू ठेवून एफएसएक्सच्या हाताने उडवायला गेलात तर दोघांत ओढाताण होणारच.

कॉकपिटमधली बटणं फिरत नाहीत

२०२० च्या सिममध्ये माउस बटणावर नेला की ते निळं उजळतं आणि आधी ते ‘पकडावं’ लागतं. पूर्वीसारखं नुसतं माउसचं चाक फिरवायचं असेल, तर पर्यायांतल्या अ‍ॅक्सेसिबिलिटी विभागात कॉकपिट इंटरअ‍ॅक्शन ‘लेगसी’वर न्या. एवढ्या एका बदलाने माझा अर्धा राग उतरला. शिफ्ट-एक दाबून उघडणारे सपाट पॅनेल आता नाहीत; त्याऐवजी उजवा अल्ट दाबून कॉकपिटमधल्या डिजिटल पडद्यावर क्लिक केलं की तो स्वतंत्र खिडकीत निघतो.

जुने नवस नव्या देवाला

एफएसएक्स ३२ बिटांचं होतं, त्यामुळे चार जीबीच्या पलीकडची मेमरी त्याला वापरताच येत नसे. म्हणून आपण कॉन्फिग फाइलमध्ये ‘हायमेमफिक्स’ वगैरे ओळी मंत्रासारख्या चिकटवायचो. त्यांचा इथे काडीचा उपयोग नाही.

विमान अडखळत असेल तर ग्राफिक्स सरसकट खाली आणायचीही घाई करू नका. पर्यायांतला डेव्हलपर मोड चालू करून फ्रेमचा (सेकंदाला किती चित्रं दिसतात त्याचा) आकडा उघडा. तिथे अडथळा मेनथ्रेडचा (प्रोसेसरच्या मुख्य कामाचा) आहे की जीपीयूचा (ग्राफिक्स कार्डाचा) ते लिहून येतं. मेनथ्रेड असेल तर ढग आणि सावल्या कमी करून फार फरक पडणार नाही. टेरेन (जमीन) आणि ऑब्जेक्टचा (इमारती वगैरेंचा) एलओडी, म्हणजे तपशिलाची पातळी, उतरवा, विमानतळावरची वर्दळ कमी करा. जीपीयू असेल तर रेझोल्यूशन आणि ढगांकडे वळा. मोठ्या शहराच्या विमानतळावर उतरताना धक्के बसतात आणि मोकळ्या रानावर सगळं गुळगुळीत, तर संशय आधी मेनथ्रेडवर घ्या.

अपडेटनंतर बंद पडायला लागलं तर बाहेरून आणलेले अ‍ॅड-ऑन जिथे असतात तो कम्युनिटी फोल्डर रिकामा करून बघा. चाललं, तर अ‍ॅड-ऑन निम्मे-निम्मे परत टाका. सगळे एकदम टाकलेत तर गुन्हेगार पुन्हा गर्दीत मिसळतो.

जमीन धूसर, इमारती वितळलेल्या

आता जग तुमच्या डिस्कवर नसतं, उडता-उडता इंटरनेटवरून येतं. २०२४ च्या सिमसाठी शिफारस ५० एमबीपीएस वेगाच्या इंटरनेटची आहे. १९ नोव्हेंबर २०२४ ला ते बाजारात आलं तेव्हा गर्दीमुळे सर्व्हरच कोलमडले आणि जगभरचे लोक लोडिंगच्या पडद्यावर अडकले. तशा दिवशी पुन्हा इन्स्टॉल करणं म्हणजे संध्याकाळ वाया घालवणं. एरवी संगणकाला वायफायऐवजी तार लावा आणि घरात कुणी मॅच बघतंय का तेही बघून या.

काही कटकटी मात्र तुमच्या चुकीमुळे नसतात. एफएसएक्समध्ये खंडाळ्याच्या घाटावर सेसनात असताना लहर आली, तर मेनूतून हवेतच मोठ्या बोइंग ७४७ मध्ये बसता यायचं. २०२० च्या सिममध्ये सरळ मार्गाने तसं करायला मुख्य मेनूपर्यंत परत जाऊन पुन्हा सगळं लोड होऊ द्यावं लागतं. तेवढ्यासाठी मी एफएसएक्स अजून काढलेलं नाही.