बेस नाही म्हणून सबवूफर घेताय? आधी या चुका बघा

भाऊ, बेस म्हणजे गाण्यातला खालचा जाड आवाज, आणि सबवूफर म्हणजे फक्त त्यासाठीचा वेगळा स्पीकर. "आवाज मस्त आहे पण बेसच नाही, किती वॅटचा सबवूफर घेऊ?" हे मला इतक्या लोकांनी विचारलंय की आता मी पहिलं एकच विचारतो, स्पीकरच्या मागच्या वायरी शेवटच्या कधी बघितल्या? उत्तर येत नाही. पाच-सहा हजार खिशातून काढायला लोक तयार असतात, पण शोकेस पुढे ओढून मागे टॉर्च मारायला तयार नसतात, याचा मला खरंच राग येतो.

सगळ्यात जास्त दिसणारी चूक म्हणजे एका स्पीकरचं प्लस-मायनस उलटं. पारोळ्याला माझा चुलतभाऊ आहे, त्याने आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) आधी घराला रंग दिला, सामान सगळं ओसरीत काढलं, आणि परत लावताना वायरी पोराने जोडल्या. तेव्हापासून बेस गायब. एका दुकानात दाखवलं तर वूफर (डब्यातले बेसचे मोठे स्पीकर) ढिले झालेत म्हणून दोन्ही बदलून दिले, २,८०० रुपये गेले आणि बेस होता तिथेच. मग याने ॲम्पच (स्पीकरला पॉवर देणारा ॲम्प्लिफायर) विकायला काढला. आखाजीला मी गेलो, आमरस-मांडे खाऊन सगळे हॉलमध्ये आडवे झालेले, तेव्हा हा म्हणे, "आवाज येस भो, पण बेस नही." मी उठून बॅलन्सचं बटण पूर्ण डावीकडे फिरवलं. एक स्पीकर बंद झाला आणि बेस वाढला!

दोन चालू असताना कमी आणि एकटा असताना जास्त, म्हणजे दोघं एकमेकाला खातायत. एकाचा कोन (स्पीकरचा पुढचा हलणारा पडदा) बाहेर येतो तेव्हाच दुसऱ्याचा आत जातो, मग खालचा जाड आवाज हवेतच कटतो. वरच्या बारीक आवाजाच्या लाटा लहान, त्या तशा सरळ कटत नाहीत, म्हणून गाणं ऐकू येतं पण पोकळ लागतं. मागे बघितलं तर पारदर्शक वायर, आत एक तार तांबडी आणि एक पांढरट. डाव्या स्पीकरला तांबडी लाल टर्मिनलला, उजव्याला तीच काळ्याला. दोन मिनिटांत अदलाबदल केली, आणि शोकेसमधल्या कपबश्या किणकिणायला लागल्या. वूफरचे पैसे मात्र गेले ते गेलेच.

बॅलन्सच्या बटणाने खात्री होत नसेल तर वायर ॲम्पमधून काढा, जाळी काढा, आणि १.५ व्होल्टचा साधा पेन्सिल सेल वायरीच्या टोकांना क्षणभर टेकवा. दोन्ही स्पीकरचे कोन एकाच बाजूला हलले पाहिजेत. ९ व्होल्टची चौकोनी बॅटरी लावून धरू नका, कोनच्या मागची तारेची कॉईल गरम होते. मी तर नवीन वायर टाकली की दोन्ही टोकांना लाल टेप गुंडाळतो, मगच जोडतो.

दुसरी चूक बसायच्या जागेची, आणि ही कोणी मानतच नाही. खोली १२ फुटी, पलंग बरोबर मधोमध, स्पीकर वर माळ्यावर. आवाजाचा वेग सेकंदाला साधारण ३४३ मीटर, त्या हिशोबाने १२ फुटाच्या दोन भिंतींमध्ये ४७ हर्ट्झच्या आसपासचा बेस भिंतीपाशी जमा होतो आणि मध्यावर पडतो. म्हणजे बेस खोलीत आहे, तुम्ही फक्त चुकीच्या जागी बसलाय! उठून भिंतीला टेकून ऐका, लगेच कळेल. स्पीकर खाली आणून मागच्या भिंतीपासून वितभर ठेवा, कोपऱ्याकडे नेला की बेस अजून वाढतो. पण पहिल्याच दिवशी कोपऱ्यात कोंबून मोकळे होऊ नका, तिथे ढोलकीचा प्रत्येक ठोका घुमतो आणि एकसारखाच लागतो. मी फरशीवर खडूने खूण करतो, वितभर सरकवतो, दोन-तीन दिवस ओळखीची गाणी ऐकतो, मग पुढची खूण. नवीन पोरांना हे दहा मिनिटांत पाहिजे असतं, ते होत नाही. सबवूफर आधीच असेल तर तो बसायच्या जागी ठेवून बेसवाली धून लावा आणि भिंतीच्या कडेने वाकून फिरा, जिथे बेस भरीव लागेल तिथे त्याची जागा.

बेसचं बटण फुल करणं हा उपाय नाही. ३ डेसिबल वाढवायला दुप्पट पॉवर लागते, १० ला दहापट. मोबाईलमध्ये बूस्ट, ॲम्पवर बूस्ट, वरून ऑनलाइन मागवलेला बूस्टर बोर्ड, एवढं २० वॅटच्या ॲम्पने आणायचं कुठून? तो क्लिप होतो, म्हणजे त्याची ताकद संपते, आवाज फाटतो आणि आधी ट्वीटर (बारीक आवाजाचा छोटा स्पीकर) जळतो. खोक्यावरचे पीएमपीओचे (जाहिरातीसाठी फुगवलेले) हजार वॅट सोडून द्या, आरएमएस (सतत मिळणारी खरी पॉवर) किती ते बघा.

केसासारखी बारीक वायर दहा मीटर ओढू नका, घरच्या लाईट फिटिंगची १.५ स्क्वेअर एमएमची वायर चालते. एका चॅनलवर ४ ओहमचे दोन स्पीकर समांतर जोडले की २ ओहम होतात, ॲम्प तापतो. स्पीकरच्या डब्याच्या मागच्या पोर्टमध्ये (हवेच्या भोकात) फडकं कोंबू नका. गावाकडे गाडीचा स्पीकर मडक्याच्या तोंडावर बसवतात ते चूक नाही, पुढची-मागची हवा वेगळी होते म्हणून बेस येतो, फक्त कडेची फट एम-सीलने पूर्ण बंद करा.

जुने स्पीकर असतील तर कोनच्या कडेचा फोम बोटाने हळूच दाबून बघा. जळगाव-भुसावळकडे उन्हाळा ४५ च्या वर जातो, फोम वाळून भुगा होतो आणि बेस तिथूनच संपतो. त्यासाठी स्पीकर भंगारात देऊ नका, नुसती फोमची रिंग बदलता येते. फेविक्विक नको, ते कडक होतं. मी जुना फोम पूर्ण खरवडतो, पांढऱ्या फेविकॉलने रिंग बसवतो आणि दोन्ही हातांची बोटं कोनवर सगळीकडून सारखी ठेवून हळू दाबतो. आतून खरखर आली तर कॉईल घासतेय, तेव्हा फेविकॉल ओलं आहे तोवरच रिंग केसभर सरकवायची आणि परत दाबून बघायचं. खरखर थांबली की रात्रभर हात लावायचा नाही.