पान लागलेल्या माणसाला देवळातून दवाखान्यात कसे न्यावे

आषाढात भातलावणी सुरू झाली की सर्पदंशाचे प्रमाण वाढते, आणि अनेक गावांत आजही पान लागलेल्या, म्हणजे साप चावलेल्या, माणसाला आधी मारुतीच्या देवळात किंवा भगताच्या ओटीवर नेले जाते. तेथे कडुलिंबाचा पाला चावायला देतात; तो कडू लागला तर विष भिनलेले नाही, असे मानून घरचे निर्धास्त होतात. अशा वेळी घरच्यांना समजावण्याची जबाबदारी ज्या नातेवाइकावर, शिक्षकावर किंवा आशाताईंवर येते, त्यांनी एक गोष्ट पक्की ठरवून ठेवावी: वाद देवाविषयी घालायचा नाही, फक्त वेळेविषयी घालायचा.

भगताचा गुण येतो तो कसा, हे स्वतःला ठाऊक असावे. आपल्याकडचे बहुतेक साप बिनविषारी आहेत, आणि नाग, मण्यार, घोणस व फुरसे या चार प्रमुख विषारी सापांच्या चाव्यातही प्रत्येक वेळी विष अंगात जातेच असे नाही. म्हणजे काहीही न करता बरे होणारे रुग्ण पुष्कळ असतात आणि त्यांचे श्रेय मंत्राला मिळते. मात्र हा युक्तिवाद कितीही बिनतोड असला तरी रुग्ण समोर पडलेला असताना अंगणात मांडू नये. त्या क्षणी तो घरच्यांना आपल्या देवाचा अपमान वाटतो, आणि अपमान झालेला माणूस गाडी काढत नाही. त्याऐवजी ‘अंगारा आत्ताच लावा, गाडीत नामस्मरण करत चला, नारळ मी स्वतः नंतर वाहीन, पण गाडी आता सुटली पाहिजे,’ असे म्हणावे. घरातील जी वडीलधारी व्यक्ती निर्णय घेते, बहुधा आजी किंवा थोरले काका, तिच्याशीच बोलावे. जमलेल्या घोळक्याशी बोलून काही निष्पन्न होत नाही.

बोलणे चालू असतानाच हात कामाला लावावेत. रुग्णाला चालू देऊ नये, चावलेला हात किंवा पाय फळकुटाच्या आधाराने सैलसर बांधून स्थिर ठेवावा आणि बोटांतल्या अंगठ्या, पैंजण, जोडवी काढावीत. आवळून दोरी बांधणे, ब्लेडने कापणे, तोंडाने विष ओढणे यांपैकी काहीही करू नये. साप मारण्यात किंवा शोधण्यात वेळ दवडू नये. १०८ ला फोन करावा, पण रुग्णवाहिका लांब असेल तर मिळेल त्या वाहनाने निघावे. रात्री जमिनीवर झोपलेल्या माणसाच्या पोटात अचानक दुखू लागले आणि पापण्या जड होऊ लागल्या, तर अंगावर सूज किंवा खूण नसली तरी मण्यारीचा संशय घ्यावा, कारण तिचा चावा अनेकदा जाणवतही नाही.

खरा अडथळा बहुतेक वेळा श्रद्धेचा नसतो, दवाखान्यावरील अविश्वासाचा असतो, आणि तो निराधार आहे असे म्हणणे खोटेपणाचे होईल. रात्री डॉक्टर जागेवर नसणे, ‘पुढे न्या’ असा शेरा मारून मोकळे होणे, खासगीत अनामत रकमेसाठी अडवणे हे लोकांनी पाहिलेले असते. विंचूदंशावर प्राझोसिनचा उपचार रूढ करणारे महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनीच २०१३ मध्ये रुग्णाला तपासणीला पाठवल्याचे कमिशन म्हणून स्वतःला आलेल्या धनादेशाविरुद्ध वैद्यक परिषदेकडे तक्रार केली होती. तेव्हा दवाखान्याची वकिली करू नये. पावसाळ्यापूर्वीच चौकशी करून ठेवावी. जवळच्या कोणत्या ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयात प्रतिविष, म्हणजे लोक ज्याला सापाची लस म्हणतात ते, शिल्लक आहे आणि रात्री कोण असते, हे विचारून तो क्रमांक घराघरांत लिहून द्यावा. सरकारी रुग्णालयात ते मोफत मिळते, हेही आवर्जून सांगावे.

‘इंजेक्शननेच गेला’ ही तक्रारही ऐकून घ्यावी. प्रतिविष घोड्याच्या रक्तापासून बनते, त्यामुळे काहींना पुरळ, थंडी किंवा गंभीर प्रतिक्रिया येते. म्हणून डॉक्टर अशा प्रतिक्रियेवरचे औषध, अ‍ॅड्रेनालिन, हाताशी ठेवूनच प्रतिविष देतात. हे आधी सांगितले की थरथरणारा रुग्ण पाहून नातेवाईक त्याला उचलून नेत नाहीत. रक्त गोठण्याची चाचणी तर डॉक्टरांची परवानगी घेऊन घरच्यांना दाखवावीच: काचेच्या कोरड्या नळीत थोडे ताजे रक्त घेऊन ती २० मिनिटे न हलवता ठेवतात आणि मग तिरपी करतात. रक्त पाण्यासारखे वाहिले तर घोणस किंवा फुरशाचे विष आहे, हे आजीलाही डोळ्यांनी दिसते, आणि कडुलिंबाच्या पाल्याने घेतलेल्या परीक्षेला यापेक्षा चांगले उत्तर मला माहीत नाही. मात्र रक्त गोठले म्हणून निश्चिंत होऊ नये, कारण नाग व मण्यार यांचे विष मज्जासंस्थेवर काम करते. किमान २४ तास देखरेख हवीच.

कायद्याचा धाक शेवटी. साप, कुत्रा किंवा विंचू चावलेल्याला उपचार घेण्यापासून रोखून मंत्रतंत्र, गंडेदोरे करणे हा महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यानुसार गुन्हा आहे. या कायद्याने वारीवर गदा येईल अशी ओरड वर्षानुवर्षे झाली. प्रत्यक्षात पूजा, वारी, भजन, कीर्तन यांना त्यात हात लावलेला नाही. हे भगतालाच मे महिन्यात, पोलीस पाटलांना सोबत घेऊन, पण चहा पिता पिता सांगावे. त्याने ‘मंत्र टाकला, आता गाडी काढा’ एवढे म्हटले तरी तुमचे अर्धे काम होते.

घरी परतल्यावर केसपेपर जपून ठेवावा, आणि घोणस चावलेल्याची लघवी कमी झाली तर त्याच दिवशी पुन्हा रुग्णालय गाठावे.